हॉलचा रंग ठरवण्याआधी

ताई, नव्या घराबद्दल मनापासून अभिनंदन! हॉल १० बाय १५ चा आणि खिडकी पश्चिमेला म्हणताय, तर नुसतं शेडकार्ड (रंगछटांचा छापील तक्ता) बघून भिंतींचा रंग पक्का करू नका. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. छोटा डबा आणा, भिंतीवर २ बाय २ फुटांचा तुकडा रंगाचे दोन हात देऊन रंगवा आणि दोन दिवस बघत राहा: सकाळी, दुपारी चारच्या उन्हात, रात्री दिवे लावून. शेडकार्डवर सौम्य वाटलेला पिवळा पश्चिमेच्या उन्हात आमरसासारखा भडक दिसतो, आणि तोच पांढऱ्या एलईडीखाली हिरवट वाटू शकतो.

मग एवढंच सांभाळा:

- साधारण ६० टक्के शांत रंग (भिंती), ३० टक्के दुसरा (सोफा, पडदे), १० टक्के उठावदार. टेप घेऊन मोजायचं नाही, अंदाज पुरे.
- एक नक्षी बारीक, एक मोठी, बाकी साधं. तुमच्याकडच्या खणाच्या उशा फार सुंदर दिसतील! खणाची वीण बारीक, काठ ठळक; खाली रुंद पट्ट्यांची सतरंजी शोभेल. मोठ्या फुलांचे पडदे मात्र नकोत, फुलांची आणि पट्ट्यांची मारामारी होते. पडद्यांना काठातलाच एखादा रंग घ्या, प्लेन.
- टीव्हीची भिंत नजरेला जड होते. तोल साधायला समोरच्या कोपऱ्यात उंच दिवा किंवा कुंडी ठेवा.

भिंतीवरचं टेक्स्चर, फॉल्स सीलिंग आत्ता विसरा. आणि सगळी खरेदी एका रविवारी उरकू नका. आधी भिंती, मग पडदे, उशा शेवटी. रंगवलेल्या तुकड्याचा संध्याकाळचा फोटो टाका, बघून सांगते.