माशांच्या टाकीतला स्पंज फिल्टर किती दिवसांनी आणि कसा धुवावा?

आधी एक विनंती: स्पंज नळाखाली धुऊ नका. तो फक्त कचरा अडवत नाही. त्याच्या छिद्रांत वाढलेले जिवाणू माशांच्या उत्सर्जनातला विषारी अमोनिया आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन नेमकं या जिवाणूंवरच घाव घालतं. फिल्टर लख्ख धुतल्यावर दोन-तीन दिवसांत मासे दगावतात, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत काढा आणि त्यात स्पंज चार-पाच वेळा पिळा. नव्यासारखा दिसेपर्यंत पिळत बसू नका, थोडा तपकिरी राहिलेलाच बरा. टाकीतून काढताना पाण्यातच त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, नाहीतर गाळ सगळीकडे पसरतो.

साधारण २ ते ४ आठवड्यांनी धुवावा लागतो, पण तारखेपेक्षा फिल्टरकडे बघा. बुडबुडे मंदावले किंवा स्पंजवर गाळाचा थर दिसू लागला की वेळ झाली. धुऊनही बुडबुडे कमीच असतील तर आतला एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) तुंबलेला असू शकतो.

स्पंज झिजून बदलायची वेळ आली तर नवा आणि जुना किमान महिनाभर एकत्र चालवा.

आणि फिल्टरला हवा पुरवणारा एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) बसवा. वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात शिरू शकतं.