मुलाच्या हट्टाआधी स्वतःच्या थकव्याकडे पाहा

तुमचा तीन वर्षांचा मुलगा हल्ली वस्तू फेकतो आणि रात्री दचकून उठतो, असे तुम्ही सांगितलेत. आणि गेले कित्येक दिवस तुम्हालाही धड झोप नाही, हे मात्र जाता जाता सांगितलेत. माझ्या मते या दोन गोष्टी एकत्र पाहायला हव्यात.

मूल शब्दांआधी चेहरा वाचते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एरवी हसून खेळणाऱ्या आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवताच तान्ह्या बाळांनी तिला पुन्हा खेळात ओढण्याची धडपड केली, आणि ते साधेना तेव्हा तोंड फिरवले.

माझी मुलगी चार वर्षांची असताना ती बाहुलीला रागावत होती, "किती वेळा सांगायचं तुला?" असे, अगदी माझ्याच स्वरात. ते ऐकले त्या दिवसापासून तिला शिस्त लावण्याचा हट्ट मी सोडला आणि समुपदेशकाकडे जाऊ लागले.

सदैव प्रसन्न राहणे कोणालाच जमत नाही, तुम्हीही तो प्रयत्न करू नका. आवाज चढलाच, तर शांत झाल्यावर त्याच्याजवळ बसून "मी दमले होते, तुझी चूक नव्हती" असे स्पष्ट सांगा, कारण आईवडिलांच्या त्रासाचे खापर लहान मुले बरेचदा स्वतःवरच फोडून घेतात. उदासी दोन आठवडे उलटूनही हटत नसेल, तर मुलाआधी स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घ्या.