न सांगता जेवणात कालवलेली गोळी

दारू सोडवायचं औषध गुपचूप जेवणातून द्यावं का, असं मला हमखास विचारलं जातं. त्यातलीच ही एक गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा रोज प्यायचा. बाईंनी कुठून तरी डायसल्फिरामच्या गोळ्या मिळवल्या होत्या. "त्यांना कळणारही नाही, मॅडम. दारूची किळस बसेल आणि आपोआप सुटेल."

ही गोळी किळस बसवायची नाही, हे आधी सांगावं लागलं. पोटात गेलेल्या दारूचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनतं. एरवी यकृत ते लगेच मोडून टाकतं. डायसल्फिराम ते मोडूच देत नाही. मग चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो नेहमीसारखाच पिणार, आणि त्रास झाला तर डॉक्टरांना कारण सांगू शकणार नाही. शेवटच्या गोळीनंतर 14 दिवसांपर्यंत धोका राहतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा त्याला पुरतं. औषध वाईट नाही. ज्याने सोडायचं स्वतः ठरवलंय आणि डॉक्टरांकडून सगळं समजून घेतलंय, त्याला त्याचा मोठा आधार होतो. न सांगता मात्र कधीच नाही.

"मग उद्यापासून घरात थेंब येऊ देत नाही," बाई म्हणाल्या.

त्यांचा जीव किती मेटाकुटीला आलाय ते दिसत होतं, तरी मी त्यांना थांबवलं. सकाळी नवऱ्याचे हात थरथरतात का, विचारलं. थरथरत होते, पहिला घोट घेईपर्यंत. अशा माणसाची दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, ताप, बरळणं सुरू झालं तर जिवावर बेततं. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. म्हणून अशांची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवतात. सोबत थायामिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, देतात, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

बाईंनी घरी दारूचा विषय काढलाच नाही, फक्त हातांचा काढला. नवरा तपासणीला आला तो थरथर थांबावी म्हणून. माझ्या मते सुरुवातीला तेवढं कारण पुरतं. मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना दाखल करून घेतलं. डायसल्फिरामचं बोलणं झालं ते नंतर, त्यांच्यासमोर.