टेस्ट चालवताना लीक डिटेक्शन कसं बंद करायचं?

प्रोग्रॅम अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसह (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) कंपाइल केलाय, टेस्टचं आउटपुट बरोबर येतं, तरी शेवटी लीकचा रिपोर्ट येऊन टेस्ट फेल होते, हाच प्रश्न ना? लिनक्सवर सॅनिटायझरसोबत लीक डिटेक्शन आपोआप चालू होतं. प्रोग्रॅम संपताना ते न सोडलेली मेमरी शोधतं आणि काही सापडलं तर एक्झिट कोड शून्य राहत नाही. टेस्ट रनरला (टेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) तेवढंच दिसतं, आणि तो टेस्ट फेल धरतो.

पुन्हा कंपाइल करायची गरज नाही. टेस्टच्या कमांडआधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून द्यायची सेटिंग) द्या:

ASAN_OPTIONS=detect_leaks=0

बफर ओव्हरफ्लो (राखलेल्या जागेबाहेर लिहिणं-वाचणं), फ्री केलेल्या मेमरीचा वापर, या तपासण्या चालूच राहतात. म्हणून लीकच्या कटकटीपायी अख्खा सॅनिटायझर काढून टाकू नका, खरे घातक बग तोच पकडतो. डीबगरखालीही हाच पर्याय लागतो, कारण लीक तपासणी पीट्रेसवर (एका प्रोसेसने दुसरीवर नजर ठेवायची लिनक्सची सोय) चालते आणि डीबगरने ते आधीच धरलेलं असतं.

लीक बाहेरच्या लायब्ररीतला असेल तर मी सगळं बंद करणार नाही. सप्रेशन फाइलमध्ये (दुर्लक्ष करायच्या लीकची यादी) 'leak:' आणि पुढे त्या फंक्शनचं नाव लिहा, फाइलचा पत्ता LSAN_OPTIONS या व्हेरिएबलमध्ये द्या. तुमच्या कोडमधले लीक मग दिसत राहतील.