मुलाचं स्टँड-अप आणि बाबांना लागलेली ती क्लिप

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एम थ्री म्हणजे गणिताचा पेपर राहिलाय, रात्री ओपन माइकला, म्हणजे नवख्यांना स्टँड-अप कॉमेडी करून बघायला मिळते त्या कार्यक्रमांना जातो, तर त्याच्या डोक्यातून हे खूळ काढा आणि एमबीए सीईटीच्या मागे लावा, असं तुम्ही लिहिलंय. पण मार्कांबद्दल जेमतेम दोन ओळी आणि बाकी सगळं पत्र त्या क्लिपबद्दल, जी तुमच्या मेहुण्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकली, ज्यात तो तुमच्या हिंदीची नक्कल करतो आणि लोक हसतायत. तेव्हापासून तुम्ही त्याच्याशी बोलत नाही.

स्पष्टच सांगते, हा करिअरचा प्रश्न नाहीये. तुम्हाला लागलंय, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर असं झाल्यावर कोणालाही लागेल. पण ते त्याला न सांगता तुम्ही पेट्रोलचे पैसे बंद केलेत आणि सीईटी मध्ये आणलीत, त्यामुळे त्याला एवढंच कळलंय की बाबांना कॉमेडी पटत नाही. 'मला वाईट वाटलं' हे त्याच्यापर्यंत गेलेलंच नाही. ते तुम्ही स्वतः सांगा, आईच्या मार्फत नको. तो कदाचित तो भाग काढेल, कदाचित तुमच्याशी वाद घालेल, पण वाद निदान खऱ्या गोष्टीवर तरी होईल.

सीईटी दर वर्षी असते, पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. पुढे कधीही देता येईल.

'यात मेहनत कसली, नुसती टवाळकी' हे तुमचं म्हणणं मात्र साफ चूक आहे. ओपन माइकला चार-पाच मिनिटं मिळतात, पैसे बहुतेक वेळा नाहीतच, आणि तीच पाच मिनिटं वेगवेगळ्या लोकांपुढे पुन्हा पुन्हा करायची, जिथे कोणी हसलं नाही ते कापायचं, शब्द बदलायचे, परत जायचं. तासाभराचा सोलो उभा राहायला वर्षं जातात आणि बरेच जण तिथपर्यंत पोचतही नाहीत, हे त्यालाही कळायला हवं. जे टिकतात त्यांचं घर नुसत्या तिकिटांवर चालतंच असं नाही, कंपन्यांचे शो आणि जाहिराती-सिरीजचं लेखनही करावं लागतं. आपल्या पुण्यात १९६३ पासून पोरं पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी रात्र रात्र करतायत, त्यांना आपण कौतुकाने नाटकवेडे म्हणतो, मग हे खूळ कसं?

एम थ्रीच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, तो या परीक्षेत सुटलाच पाहिजे. त्याला सांगा, स्टँड-अप कॉमेडियन बिस्वा कल्याण रथ आयआयटी खरगपूरमधून इंजिनिअर झालेला आहे. आपले लक्ष्मण देशपांडेही औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत एकपात्री प्रयोग करायचे.

आणि त्याचा शो बघायला नक्की जा, पण त्याला विचारून जा. न सांगता मागे जाऊन बसलात तर त्याचं सगळं लक्ष तुमच्याकडे लागेल आणि त्याची ती पाच मिनिटं वाया जातील.