वाचकांचे प्रश्न : कला, चळवळ आणि पुढची व्यवस्था

प्रश्न : आमच्या महिला मंडळात पथनाट्य बसवण्याचा विचार निघाला, तेव्हा काही ज्येष्ठ सभासदांनी ‘नाटकाला टाळ्या मिळतात, त्याने परिस्थिती बदलत नाही’ असा आक्षेप घेतला. आपले मत काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आक्षेप घेणाऱ्यांना उडवून लावू नये, कारण प्रयोग संपल्यावर प्रेक्षक घरी जातात आणि विषयही त्यांच्यासोबत विरून जातो, हा अनुभव अनेक मंडळांच्या गाठीशी आहे. मात्र हा दोष त्या प्रयोगामागे दुसरे काहीच उभे केलेले नसल्याचा असतो.

मे १९७७ मध्ये सुझॅन लेसी या कलावतीने लॉस एंजेलिसच्या नगरभवनाजवळील बाजारसंकुलात शहराचा भलामोठा पिवळा नकाशा लावला. तीन आठवडे ती पोलिसांकडून नव्याने नोंदल्या गेलेल्या बलात्कारांची माहिती घेत असे आणि नकाशावर त्या त्या ठिकाणी ‘बलात्कार’ या शब्दाचा तांबडा शिक्का मारत असे. प्रत्येक ठळक शिक्क्याभोवती नऊ फिकट शिक्के असत. पोलिसांपर्यंत कधीच न पोचणाऱ्या घटनांचा तो अंदाज होता. या कलाकृतीविषयी लिहिताना बहुतेक जण याच नकाशापाशी थांबतात. शेजारी दुसराही नकाशा होता आणि त्यावर पीडित स्त्रीला मदत कोठे मिळेल त्या जागा दाखवल्या होत्या. माझ्या मते खरे शिकण्यासारखे आहे ते या दुसऱ्या नकाशातच. त्याच वर्षी डिसेंबरात, शहरात स्त्रियांच्या खुनांची मालिका चालू असताना, लेसी आणि लेस्ली लाबोविट्झ यांनी नगरभवनाच्या पायऱ्यांवर काळ्या वेशातील उंच स्त्रियांचा शोकविधी सादर केला. दूरचित्रवाणीच्या बातमीत काय दिसेल याचा विचार करूनच त्याची रचना केली होती आणि स्वसंरक्षणाच्या प्रशिक्षणासारख्या नेमक्या मागण्या तेथेच मांडल्या होत्या.

आपल्याकडे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून गावोगावी, वस्त्यावस्त्यांत केले. त्यात काम करणाऱ्या बहुतेक जणी व्यावसायिक नटी नव्हत्या, तर कार्यकर्त्या होत्या. नेपथ्याचा बडेजाव नव्हता आणि गाणी ओठांवर सहज बसणारी होती. संघटनेने पुढे कौटुंबिक सल्ला केंद्रेही चालवली, त्यामुळे एखादीला मन मोकळे करावेसे वाटले तर जाण्यासाठी एक दार उघडे होते. तेव्हा आपण नाटक अवश्य बसवावे. परंतु प्रयोगानंतर प्रेक्षकांतील बायकांशी कोण बोलणार, वकील किंवा समुपदेशक कोण, हे तालीम सुरू करण्याआधी ठरवावे.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी महाविद्यालयात दोरी बांधून तिच्यावर छेडछाडीच्या अनुभवांच्या चिठ्ठ्या लावणार आहोत. त्रास देणाऱ्यांची नावे लिहावीत का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या कल्पनेला मोठी परंपरा आहे. मेक्सिकन कलावती मोनिका मायेर यांनी १९७८ मध्ये मेक्सिको सिटीच्या आधुनिक कला संग्रहालयात अशीच कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. ‘स्त्री म्हणून या शहरातील मला सर्वांत न आवडणारी गोष्ट…’ हे वाक्य त्यांनी निरनिराळ्या वयांच्या आणि थरांतील ८०० स्त्रियांना गुलाबी कागदावर पूर्ण करायला दिले. रस्त्यावर आणि सार्वजनिक वाहनांत होणारा लैंगिक त्रास हे उत्तर पुन्हा पुन्हा आले. प्रदर्शन पाहायला आलेल्या स्त्रिया न विचारताच आपापली भर घालू लागल्या. तेव्हा त्या दोरीवर कोणा पुरुषाचे नाव नव्हते आणि तरीही तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

अलीकडे मेक्सिकोतील विद्यार्थिनी अशा दोऱ्यांवर नावे लावतात. संस्थेकडे तक्रार करून काही होत नाही, हा संताप त्यामागे आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही मी तुम्हाला नावे लिहू नका असेच सांगेन. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली मानहानीचा दावा तुमच्यावरच उलटू शकतो. शिवाय कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रारदाराची आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचीही ओळख जाहीर करण्यास मनाई असल्याने, पुढे रीतसर चौकशी झाली तर तुमची चिठ्ठीच अडचणीची ठरेल. चिठ्ठीवर जागा आणि वेळ मात्र जरूर लिहा: ग्रंथालयामागचा जिना, सायंकाळची बस, प्रयोगशाळेचा मार्ग. पंधरा चिठ्ठ्या एकाच जिन्याविषयी बोलू लागल्या, तर तेथे दिवा का नाही, हे प्राचार्यांना विचारता येते.

दोरीच्या टोकाला महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावे आणि तक्रारीची पद्धत ठळक अक्षरांत लावा. लेखी तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते, हेही तेथे लिहा. २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे अशी समिती असणे बंधनकारक आहे. ती नसेल, तर तेवढी एक जागा कोरी सोडून ‘समिती स्थापन केव्हा होणार?’ असे तिच्यावर लिहावे आणि त्याच दिवशी प्राचार्यांना तसे पत्र देऊन पोच घ्यावी.