गाडी तापते म्हणाले, तर आधी काय बघशील?

भाऊ, कसारा घाट चढून आलेली गाडी ‘तापते’ म्हणून दारात उभी राहिली, की लगेच रेडिएटरचं झाकण फिरवू नकोस. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. इंजिन निवेपर्यंत गिऱ्हाइकाला विचार: फक्त घाटात तापते, की नाशकात द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्येही? ट्रॅफिकमध्ये तापून हायवेला तापमानाचा काटा खाली येत असेल, तर आधी पंखा, त्याचा फ्यूज, रिले (पंख्याला करंट देणारा स्विच) बघ. चढावरच तापत असेल, तर रेडिएटर चोंदलाय का, थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, पूर्ण उघडतो का ते तपास. कूलंट (रेडिएटरमधलं पाणी) घटतंय पण गळती दिसत नाही? डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढ. ऑइल दुधाळ झालं असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा) संशय घे, इंजिन चालू करू नकोस. आणि बोअरचं पाणी भरून गाडी वाटेला लावायची सवय नको. क्षार साचून रेडिएटर आतून बसतो.